स्पिरिटातला विंचू

"आमचा विंचू चोरीला गेलाय," असं त्या बाई म्हणाल्या, तेव्हा वसंतरावांनी आधी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले आणि मग विचारलं, "म्हणजे सुटलाय का?"

"सुटेल कसा? मेलेला होता. बाटलीत होता."

वसंतरावांनी पाय खाली सोडले.

नांदेडच्या वजिराबादेत, एका कापड दुकानाच्या माडीवर राजश्री हदगावकरचं तपास कार्यालय होतं. तिथे येणारी माणसं बहुतेक लग्नाच्या चौकशा घेऊन येत. मुलाचा पगार खरा का, मुलीच्या मनात दुसरं कोणी नाही ना, असल्या. गेल्या काही वर्षांत राजश्रीने निम्म्या शहराच्या सोयरिकी जुळवल्या नाहीतर मोडल्या होत्या. वसंतराव तिचे सख्खे मामा. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर ते दिवसभर घरात मामींच्या पायात पायात येऊ लागले, तेव्हा मामींनीच त्यांना भाचीच्या हवाली केलं. ते स्वतःला भागीदार समजत आणि राजश्रीने तो समज कधी मोडला नव्हता.

बाईंचं नाव डॉ. मृण्मयी कौठेकर. शहराबाहेरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. पन्नाशीच्या असाव्यात. डोळे रडून सुजले होते, पण बोलणं वर्गात शिकवल्यासारखं नीट होतं.

"त्या विंचवात एवढं काय आहे?" राजश्रीने भाजलेल्या शेंगांची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

"त्याची जात अजून जगात कोणी नोंदलेली नाही. जळकोटच्या माळावरचा आहे. कितीतरी पावसाळे मी तिथले दगड उलथे केलेत. माद्या मिळाल्या, पिल्लं मिळाली. पण त्या शेजारच्या जातीसारख्याच दिसतात, फरक कळतो तो नरात. आणि पुरता वाढलेला नर एकच मिळाला, मागच्या वर्षी."

"मग?"

"नवी जात जाहीर करताना एक नमुना मूळ नमुना म्हणून ठरवायचा असतो. होलोटाइप म्हणतो आम्ही त्याला. शंभर वर्षांनी कोणाला तसाच विंचू सापडला, तर ह्या नमुन्याशी ताडून बघायचं. पोटाखाली दोन कंगवे असतात, त्यांचे दात मोजायचे, शेपटीची ठेवण बघायची. फोटोवर भागत नाही."

"आणि तोच गेला."

"तोच गेला. माझा लेख मंजूर झालाय. पण शुक्रवारपर्यंत नमुना पुण्याच्या संग्रहालयात जमा झाला नाही, तर ते छापणार नाहीत. इकडे दुसऱ्या संशोधकांची एक तुकडी ह्याच डोंगरांतल्या विंचवांवर लिहून राहिली आहे. ज्यांचं आधी छापून येतं, त्यांनी ठेवलेलं नाव कायम राहतं." मृण्मयीबाई थांबल्या. "माझ्या हातून आयुष्यात एकच नवी जात व्हायची होती, राजश्रीताई. ती ही."

आज मंगळवार होता. राजश्रीने वाटीतल्या उरलेल्या शेंगा मामांच्या खिशात ओतल्या आणि गाडीची किल्ली उचलली.

कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाच्या व्हरांड्यातच भिंतीवर मोठा फलक होता. वसंतरावांना भिंतीवर जे दिसेल ते मोठ्याने वाचायची सवय होती.

"विंचू चावल्यास चुना, कांदा, पेट्रोल लावू नका. विंचू बुडवून ठेवलेल्या बाटलीतलं स्पिरिट चोळू नका. मंत्राच्या नादी लागू नका. थेट दवाखान्यात जा. रक्तदाब उतरवण्याच्या साध्या गोळीने विंचूदंशाचा रुग्ण वाचतो. जनजागृती: डॉ. श्रीनाथ मुदखेडे, विभागप्रमुख."

"आमचे सर गावोगाव हेच सांगत फिरतात," मृण्मयीबाई म्हणाल्या. "भोकरपासून देगलूरपर्यंत एक शाळा सोडली नाही."

प्रयोगशाळेचं कुलूप शाबूत होतं, कोणी हात लावल्याची खूण नव्हती. आत काचेचं कपाट, त्यात विंचवांच्या बाटल्यांच्या रांगा. वसंतराव दारातच उभे राहिले. मधल्या टेबलावर आतून स्पंज लावलेला थर्माकोलचा खोका उघडा होता. पत्ता लिहून तयार होता आणि आत काही नव्हतं.

"बाटली इथे, खोक्याच्या शेजारी होती," आलोक म्हणाला. हा मृण्मयीबाईंचा संशोधक विद्यार्थी, मूळचा लातूरचा, चष्मा आणि दाढी दोन्ही जरा जास्तच. "तिच्यावर लाल चिठ्ठी होती. मूळ नमुन्याला तशीच लावतात. सोमवारी स्पिरिट काढून, नमुना ओल्या कापसात गुंडाळून पाठवायचा होता. कापसाचा मोठा गठ्ठा मी शनिवारी आणून ठेवला होता. तोपण गेलाय."

"आणि कपाटातल्या बाटल्या?"

"सगळ्या जागच्या जागी. कपाटाची किल्ली फक्त मॅडमकडे असते."

"खोलीच्या किल्ल्या किती?"

"तीन. मॅडमची, माझी आणि सरांची."

राजश्रीने खोका उचलून पाहिला. हलका होता आणि त्याला धरायला दोरीही होती.

"बाटली शेवटची कधी बघितलीत?"

"शनिवारी दुपारी. ज्यांच्या माळावर विंचू सापडला ते अण्णाराव आणि त्यांच्या घरच्या धोंडाबाई बघायला आले होते. मी त्यांना बाटली दाखवली. मग प्यायला पाणी आणायला गेलो. परत येऊन त्यांना बस स्टँडवर सोडायला निघालो, तेव्हा टेबलाकडे न बघताच कुलूप लावलं." आलोकने मान खाली घातली. "रविवारी मी लातूरला घरी होतो. सोमवारी बाटली नव्हती."

"तुमचं आणि मॅडमचं काही वाजलं होतं?"

आलोकने मृण्मयीबाईंकडे पाहिलं. त्यांनीच मानेने सांग म्हटलं.

"ठिकाणावरून. लेखात माळाचा नेमका पत्ता छापायचा असं मॅडम म्हणत होत्या. मी म्हटलं, छापला की विंचू विकणारे पोती घेऊन येतील. परदेशात हौशी लोक पाळतात. आपण जात जाहीर करायची आणि आपणच ती संपवायची का?"

"म्हणजे लेख अडला तर तुम्हाला बरंच," वसंतराव दारातून म्हणाले.

"काका, तो नर मी शोधलाय. अख्खा पावसाळा चिखलात झोपलोय त्याच्यासाठी."

राजश्री हसली. "शोधता कसा तुम्ही विंचू अंधारात?"

आलोकचा चेहरा उजळला. त्याने खिशातून बोटभर बॅटरी काढली, कपाटावर जांभळा उजेड टाकला आणि सगळ्या बाटल्यांतले काळपट विंचू एकदम हिरवट चमकू लागले. वसंतराव नकळत दोन पावलं आत आले.

"यूव्ही टॉर्च. नोटा तपासायला दुकानदार वापरतात तीच. विंचवाच्या कातडीतच असं काही असतं. वर्षभर बाटलीत राहिला की ते स्पिरिटातही उतरतं. हे बघा." जुन्या बाटलीतलं नितळ स्पिरिट सुद्धा त्या उजेडात फिकट हिरवं दिसत होतं. शेजारच्या नव्या बाटलीतलं मात्र साधंच राहिलं.

"जरा वेळ वापरायला द्याल?" राजश्रीने विचारलं. पण बॅटरी तिच्या हातात येण्याआधीच मामांच्या हातात गेली होती.

विभागप्रमुख डॉ. श्रीनाथ मुदखेडे फोनवर होते. त्यांनी हातानेच बसायला सांगितलं.

"हो दिपाली. लिंबूपाणी देत राहा, मीठ घालून. तिचं बीपी कायम कमीच असतं, तुला माहीत आहे. औसा रोडला पोचलात ना नीट? झोपू दे तिला. आणि ते… ते नंतर बोलू." त्यांनी फोन ठेवला. "माझी बहीण. सकाळीच आईला लातूरला घेऊन गेली, हवापालटासाठी."

माणूस दोन रात्री झोपला नसावा असा दिसत होता. मृण्मयीबाई येताना सांगत होत्या, की विभागातली एक खुर्ची इकडची तिकडे झाली तरी सर मेमो काढतात. म्हणून राजश्रीने आधी तेच विचारलं.

"पोलिसांत का नाही दिलंत?"

"कशाला उगाच बोभाटा?" मुदखेडे घाईने म्हणाले. "बाटली कुठे जात नाही. कोणाच्या तरी हातून इकडेतिकडे झाली असेल. रविवारपर्यंत मिळेल."

"शुक्रवारी पुण्याला द्यायचीय सर," मृण्मयीबाई म्हणाल्या.

"हो. शुक्रवार. हो." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

तेवढ्यात वसंतरावांचं लक्ष टेबलावरच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे गेलं. "अरे, ही तर माझीच गोळी. बीपी चढलं होतं तेव्हा डॉक्टरांनी दिली होती. पहिली घेतली अन् उठलो तसा घेरी येऊन पडलो. सांभाळून घ्या सर."

"आईची आहे," मुदखेड्यांनी पाकीट खिशात टाकलं. "घाईत द्यायची राहिली."

वसंतराव मोठ्या माणसांच्या गोष्टीत फार वेळ रमत नसत. ते बॅटरीने खोलीतल्या वस्तू तपासू लागले. स्वतःचा धुतलेला शर्ट निळसर पांढरा चमकला, त्याचं त्यांना कौतुक वाटलं. मग उजेड खुर्चीवर ठेवलेल्या सरांच्या पांढऱ्या खादीच्या पिशवीवर पडला. तळाशी हातभर हिरवट डाग उमटला.

"सर, डब्यातलं वरण सांडलंय वाटतं. हळद बघा कशी दिसते हिच्यात."

मुदखेड्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. वसंतरावांनी बॅटरी विझवली, तशी पिशवी पुन्हा पांढरीस्वच्छ दिसू लागली.

राजश्री उठली. "मामा, चला. जळकोटला जाऊन येऊ."

"मला वाटलंच," वसंतराव गाडीत बसताना म्हणाले. "तो शेतकरीच. नवीन प्राणी सापडला की सरकार जमीन ताब्यात घेतं, अशी भीती असते लोकांना. पुरावाच गायब केला त्यानं."

राजश्रीने फक्त गाडीचा गिअर टाकला.

जळकोटच्या अलीकडे, डांबरी सोडून मुरमाच्या वाटेने वर गेल्यावर अण्णारावांचं शेत लागलं. सोयाबीनची रास नुकतीच झाली होती आणि माणूस खुशीत होता. सत्तरीचा, पण उभा काठीसारखा.

"फॉरेस्टवाले माळ घेतील म्हून?" अण्णाराव हसले. "भ्याव हाय की. न्हाई कसं म्हनू? पर माळ तर नुस्ता धोंड्यांचा हाय. गवत बी धड येत न्हाई. आन इंचू दाविला कुनी त्या पोराला? म्याच. त्या बांधाला, त्या दगडाखाली. मंग मीच चोरू व्हय?"

"चला, दगड दावितो," असं ते म्हणाले, तेव्हा वसंतरावांनी गुडघ्याचं कारण सांगितलं आणि बाजेवर बसूनच राहिले.

धोंडाबाईंनी गरम धपाटे आणि दही पुढे ठेवलं. कॉलेज पाहून त्या फार खूश होत्या.

"लई गोडीनं दावलं पोरानं. कपाटभर बाटल्या. म्या म्हनलं, बाबा, येवढं औषद कोंडून कामून ठिवलंस? गावागावात वाट की."

"औषध?" वसंतरावांचा घास हातातच राहिला.

"तर वो. आमच्या सासूबाईनं बी एक बाटली ठिवली व्हती. जिता इंचू चिमट्यानं धरायचा, स्पिरिटात सोडायचा. कुनाला इंचू चावला की त्येच स्पिरिट कापसानं लावायचं. ह्या भागात घरोघर व्हती. आता दवाखान्यात जातेत लोक. पर बाटली असली म्हंजी जिवाला धीर ऱ्हातो."

वसंतरावांनी राजश्रीला डोळ्यांनी खुणावलं. इतकी जोरात खूण करायची असेल तर बोलणंच बरं, असं कोणालाही वाटलं असतं. राजश्रीने सरळच विचारलं, "मावशी, तुम्ही नेली का ती टेबलावरची बाटली?"

धोंडाबाईंना राग आला नाही. "मागितली व्हती. पोरगं न्हाई म्हनलं. न्यायाचीच असती तर मागून कशाला सावध केलं असतं त्याला? आन ती गेलीच असंल तर माझ्या हातनं न्हाई, त्या बाईच्या जिवाला लई लागलं आसंल." मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "कुनाला तरी इंचू चावला आसंल बगा. दुसरं कोन नेतंय मेलेला इंचू?"

राजश्री एकदम खळखळून हसली. तिने आणखी एक धपाटा घेतला, आणि मग अंगणात जाऊन तीन फोन केले. पहिला मृण्मयीबाईंना, दुसरा आलोकला, तिसरा डॉ. मुदखेड्यांना. तिघांनाही तिने एकच सांगितलं, की उद्या सकाळी लातूरला, औसा रोडवर, सरांच्या बहिणीकडे या. "आईंची तब्येत विचारू," असं ती सरांना म्हणाली.

बुधवारी सकाळी दिपालीच्या घरातली पुढची खोली भरून गेली. दिवाणावर उशांना टेकून प्रेमलाबाई बसल्या होत्या, मुदखेड्यांच्या आई. ऐंशीच्या आसपास, किडकिडीत, नजर मात्र अशी की चहात साखर कमी पडली तर समोरच्याला नुसत्या तिच्यावरून कळावं. डावा हात मनगटापाशी अजून सुजलेला होता. मुदखेडे दाराशी उभे होते आणि त्यांना खुर्ची दिली तरी बसत नव्हते.

"एक गोष्ट पहिल्यापासून खटकत होती," राजश्री म्हणाली. "नमुना चोरायला आलेला चोर तयार खोका सोडून का जाईल? स्पंज लावलेला, दोरी बांधलेला खोका शेजारीच होता. त्याने तो ठेवला आणि कापूस मात्र नेला. कापूस पाठवणीसाठी होता, म्हणून आपण सगळे त्याच अंगाने विचार करत बसलो. पण कापसाचा दुसराही उपयोग असतो. काहीतरी लावायला."

"दुसरं. त्याला विंचू हवा होता, पण हाच हवा होता असं कशावरून? कपाटाला कुलूप होतं आणि त्याची किल्ली त्याच्याकडे नव्हती. बाहेर एकच बाटली होती, ती त्याने उचलली. लाल चिठ्ठी त्याने घाईत पाहिलीच नाही. म्हणजे मॅडमचं नुकसान करायला तो आलाच नव्हता."

"मग मी नाही," आलोक म्हणाला.

"तुम्ही नाही. तुम्हाला चिठ्ठी डोळे मिटून कळली असती. आणि धोंडाबाईही नाहीत. बाटली मागणारी बाई स्वतःवर संशय ओढून घेऊन मग चोरी करत नाही. उरली तिसरी किल्ली."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मुदखेडे जमिनीकडे बघत होते.

"सर, तुम्ही फोनवर म्हणालात, आईचं बीपी कायम कमी असतं. आणि पुढच्याच मिनिटाला बीपी उतरवायची गोळी आईची आहे म्हणालात. मामा ती गोळी घेऊन पडले होते. कमी रक्तदाबाच्या म्हाताऱ्या बाईला डॉक्टर ती गोळी कधी देतील? त्याचं उत्तर तुमच्याच फलकावर आहे, मामांनी ते मोठ्याने वाचलं होतं. विंचू चावला तर."

वसंतरावांनी आपण काहीतरी मोठं केल्यासारखी मान हलवली.

"आणि पिशवीवरची हळद?" राजश्री पुढे म्हणाली. "हळदीचा डाग उजेड विझला तरी पिवळा दिसतोच, बायकांना विचारा. हा डाग बॅटरीखाली दिसला आणि नंतर गायब झाला. वर्षभर विंचू मुरलेलं स्पिरिट तसं दिसतं, आलोकने दाखवलं होतं. बाटली पिशवीतून नेताना सांडलं. शिवाय एक खुर्ची हलली तरी मेमो काढणारा माणूस म्हणतो, बाटली कुठे जात नाही, रविवारपर्यंत मिळेल. ती कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय कोणी असा दिवस सांगत नाही. 'ते नंतर बोलू' असं बहिणीला म्हणालात, ते हिच्याबद्दलच. तुम्ही रविवारी लातूरला येऊन ती नेणार होतात."

मुदखेडे आता खुर्चीवर बसले. "रविवारी आई मागच्या अंगणात विटा हलवत होती. विंचू चावला. गाडी काढली, तर ही म्हणते, आधी बाटली, मग दवाखाना. दाराची चौकट धरून बसली. उचलून न्यायला गेलो तर चावली मला."

"चावले," प्रेमलाबाईंनी कबूल केलं.

"एकेक मिनिट महत्त्वाचं असतं. समजावत बसलो असतो तर… कॉलेज पाच मिनिटांवर. धावत गेलो, समोर दिसली ती बाटली आणली. कापूस लावला, तशी ही स्वतः चालत गाडीत बसली. वेळेत पोचलो. सोमवारी कॉलेजात आलो तेव्हा कळलं मी काय आणलंय." त्यांनी मृण्मयीबाईंकडे पाहिलं. "तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी शाळाशाळांतून काय सांगत फिरतो, मॅडम? आणि माझ्याच घरात? जीभ उचलेना. वाटलं, आईकडून गुपचूप घेऊन टेबलावर ठेवीन. आई देईना. आणि काल सकाळी दवाखान्यातून सोडलं, तशी ती बाटली घेऊन थेट लातूरला आली."

मग मृण्मयीबाईंना हसू आलं. आधी त्या आवरू पाहत होत्या, मग आवरेना. "सर, आई अर्ध्या तासाच्या आत दवाखान्यात पोचल्या ना? मग तुम्ही सांगता तेच झालं की. मी असते तर कपाट फोडलं असतं."

मुदखेड्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"पण बाटली आहे कुठे?" आलोकचा धीर सुटला.

प्रेमलाबाईंनी उशीखाली हात घालून ती काढली. लाल चिठ्ठी निम्मी सोललेली. तळाशी दोन बोटं स्पिरिट आणि त्यात अर्धा बुडालेला विंचू. आलोकच्या तोंडून नुसता श्वास निघाला.

"एवढंच उरलं?" मृण्मयीबाईंचा आवाज चिरका झाला.

"शेजारच्या जगदेवीबाई गुडघ्याला लावायला दोन चमचे घेऊन गेल्या," दिपाली ओशाळून म्हणाली. "आईनंच दिलं."

मृण्मयीबाई दिवाणापाशी खाली बसल्या. त्यांनी पर्समधून भिंग काढलं. प्रेमलाबाईंनी बाटली सोडली नाही, पण उजेडाकडे धरली. मृण्मयीबाईंचे ओठ मोजत होते. एक कंगवा, मग दुसरा. शेपटी, नांगी.

"एक पाय निखळलाय. पण आहे, तळाशी आहे," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं शाबूत आहे."

वसंतरावांनी टाळी वाजवली आणि मग इकडेतिकडे पाहिलं.

"बघून झालं?" प्रेमलाबाईंनी बाटली पदराखाली घेतली. "बाई, तुमच्याकडे कपाटभर आहेत म्हणतात. त्यातली दुसरी न्या. हिनं माझा जीव वाचवलाय."

"आई, गोळीनं वाचवलाय," मुदखेडे म्हणाले.

"गोळी तू दिलीस. गाडीत मला हिनं बसवलं."

चोर सापडला होता, माल समोर होता, आणि तो एका हट्टी म्हातारीच्या पदराखाली होता.

मृण्मयीबाईंनी बाटलीकडे हात केला नाही. त्या तशाच खाली बसून म्हणाल्या, "आजी, एवढा विश्वास कुठून आला हिच्यावर?"

"माझ्या आईकडून." प्रेमलाबाईंचा आवाज मऊ झाला. "आमच्या माळावर पावलोपावली विंचू. आई चुलीपाशी फळीवर बाटली ठेवायची. आम्ही भावंडं कधी भ्यायलो नाही. लग्न होऊन भोकरला आले, तिथून नांदेडला. माहेरी आता कोणीच राहिलं नाही. घर पडलं, भाऊ गेले. कोणाला नाव सांगितलं तर विचारतात, हे कुठं आलं?"

"माहेर कुठलं तुमचं?"

"जळकोट."

मृण्मयीबाईंनी आलोककडे पाहिलं. आलोकने मृण्मयीबाईंकडे. आलोकचं तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं.

"आजी," मृण्मयीबाई म्हणाल्या, "हा जगातला पहिला आहे. ह्याच्या जातीला अजून नाव नाही. हा पुण्याला पोचला की ह्याचं नाव पक्कं होणार. मग जगात कुठेही, कोणीही, कितीही वर्षांनी ह्या विंचवाबद्दल लिहिलं तर त्याला तेच नाव लिहावं लागणार. बदलता येत नाही. पण दुसऱ्या लोकांनी आधी छापलं, तर नाव त्यांचं."

"म्हणजे बारसं व्हायचंय ह्याचं."

"हो. बारसंच."

"मग नाव काय ठेवलंत?"

"छापून येण्याआधी सांगायचं नसतं. आमच्यात रीत आहे तशी."

"आमच्यात पण नाव आधी कानातच सांगतात," प्रेमलाबाईंनी डोकं पुढे केलं. "सांगा. ह्या लोकांना कळणार नाही."

मृण्मयीबाई उठल्या, वाकल्या आणि त्यांच्या कानाशी हळूच एक शब्द बोलल्या. लॅटिन वळणाचा शब्द होता. आता तो छापून आलाय, म्हणून सांगायला हरकत नाही: जळकोटेन्सिस. जळकोटचा. लेखात फक्त तालुका दिलाय, नेमका माळ दिलेला नाही. आलोकला हवं होतं तसंच.

प्रेमलाबाईंनी तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटले होते. मग त्यांनी पदर बाजूला केला, बाटलीचं झाकण स्वतःच्या हाताने घट्ट फिरवलं, लाल चिठ्ठी अंगठ्याने दाबून पुन्हा चिकटवली, आणि बाटली मृण्मयीबाईंच्या ओंजळीत ठेवली.

"बसू नका आता," त्या म्हणाल्या. "चहा-बिहा राहू द्या. श्रीनाथ, गाडी काढ, ह्यांना आजच पुण्याला सोडून ये. कोणी आधी छापलं तर मी तुम्हा सगळ्यांना सोडणार नाही."